फ्लॅट विकायला काढताय? आधी फाइल काढा

रंगाऱ्याला नंतर बोलवा. बिल्डरपासूनचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा खरेदीचा उतारा), तुमच्या नावावर झालेलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची चालू पावती एकत्र लावा. कर्ज फिटलं असेल तर बँकेकडचे मूळ कागद आणि नाहरकत पत्र हातात हवं. घर वडिलांच्या नावावर असेल तर भावाबहिणींशी आजच बोला, टोकन घेतल्यावर नव्हे.

मग ओल. बाथरूममागची भिंत तळहाताने चाचपून बघा. पापुद्रे, पांढरे क्षार दिसले तर आधी गळती थांबवा. नुसता रंग मारलात तर पावसाळ्यात डाग वर येणार आणि घेणारा फसणार. असं करू नका. मॉड्युलर किचनवर खर्च नको, घेणारा आपल्या आवडीचं करून घेतो.

आणि हो, किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे सरकारकडे भरायचा कर, कापून पैसे देईल, तो हिशेबात धरा.