वाचक विचारतात: इंटरनेटच्या आधीच्या गप्पा म्युझियममध्ये दाखवायच्या कशा?

प्रश्न: आमच्या कॉलेजात तळमजल्यावर जुन्या कम्प्युटरचं एक छोटं म्युझियम केलंय, शाळांच्या सहली येतात. मशीन बघायला पोरं गर्दी करतात पण इंटरनेट घरोघरी यायच्या आधी लोक ऑनलाइन चर्चा कशा करायचे तो कोपरा आला की सगळी पुढं पळतात. तिथं आम्ही एक मोठं पोस्टर लावलंय. एक मुलगा तर म्हणाला, मॅडम हा तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच की! काय करावं?
– एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर: ताई, आधी ते पोस्टर काढा. "तेव्हा स्पीड कमी होता" हे वाचून कुणाला काय कळणार, ते समोर घडायला पाहिजे. एक जुना डबा मॉनिटर मिळवा (मागचं कव्हर कुणाला उघडू देऊ नका बरं का, बंद असला तरी आत जबरी व्होल्टेज साठून राहू शकतं), त्याच्यामागे एखादा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कम्प्युटर) लपवा आणि स्पीड मुद्दाम सेकंदाला ३०० बिटवर बांधून टाका. ३०० चा मोडेम (फोनच्या लाइनवरून दोन कम्प्युटर जोडणारा डबा) म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं, आणि ८० अक्षरांच्या २४ ओळी म्हणजे १९२० अक्षरं, एक स्क्रीन भरायलाच मिनिटभराच्या वर गेलं. पोरं आधी खिदळतील, मग शब्द पुरा व्हायच्या आत तो ओळखायची शर्यत लावतील, आणि तेव्हाची माणसं थोडक्यात का लिहायची हे तुम्हाला सांगावंच लागणार नाही.

कीबोर्ड एकच ठेवा. शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस या दोघांनी जानेवारी १९७८ मधल्या हिमवादळात घरात अडकल्यावर कामाला हात घातला आणि १६ फेब्रुवारीला सीबीबीएस नावाचा बोर्ड, म्हणजे फोन लावून आत शिरायचा कम्प्युटरवरचा सूचनाफलक, सुरू केला, त्याला फोनची लाइन एकच होती. एक जण आत असला की बाकीच्यांना एंगेज टोन. आत गेलेल्यानं वाचायचं, लिहायचं, बाहेर पडायचं, मग दुसरा. तुमच्याकडे रांग लागली तर लागू दे, रांग हासुद्धा प्रदर्शनाचाच भाग.

आता खरी गंमत. अमेरिकेतल्या बर्कलीमध्ये १९७३ साली एका रेकॉर्डच्या दुकानात कम्युनिटी मेमरी नावाचं टर्मिनल ठेवलं होतं, म्हणजे टाइपरायटरसारखं टेलिटाइप मशीन, आवाज फार म्हणून खोक्यात बंद केलेलं आणि हात घालायला भोकं. रस्त्यावरचा कुणीही आत येऊन मेसेज टाकू शकायचा. लोकांनी काय टाकलं? वाद्यं विकायची आहेत, बँडला साथीदार पाहिजे, आणि एकानं विचारलं की इथं चांगले बेगल, म्हणजे तो गोल पाव, कुठं मिळतात. उत्तरांत कुणीतरी लिहिलं की अमुक नंबरला फोन करा, एक जुना बेगलवाला तुम्हाला करायला शिकवेल. म्हणून म्हणतो, तुमच्या मशीनवर जुने मेसेज नुसते मांडून ठेवू नका, पहिला प्रश्न तुम्हीच टाका, "ठाण्यात मिसळ कुठं खावी?" एक जण मामलेदार लिहील, दुसरा त्याला खोडून काढेल, तिसरा म्हणेल नाशिकची खाल्ली नसेल तर बोलूच नका, आणि पुढच्या सहलीला अनोळखी माणसांचं आयतं भांडण वाचायला मिळेल. रोज रात्री ते पुसून टाकू नका म्हणजे झालं.

व्हॉट्सअ‍ॅपवाल्या मुलासाठी यूझनेट, म्हणजे मशीन-मशीनमधून फिरणारं चर्चेचं जाळं, दाखवा. ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना १९७९ मध्ये ती कल्पना सुचली, पुढच्या वर्षी ते बाकीच्यांसाठी खुलं झालं. याला मधोमध कुणी मालक नाही की मोठा सर्व्हर नाही, एक मशीन फोन करून शेजारच्या मशीनला सगळे मेसेज देतं, ते पुढच्याला. तीन मशीन एका ओळीत मांडा, दर दहा मिनिटांनी मेसेज पुढं सरकू द्या, तिसऱ्यावर बसलेला पोरगा वैतागून विचारेल की माझं उत्तर पोचलं का. खऱ्या यूझनेटवर मेसेज निरनिराळ्या वाटांनी फिरायचे त्यामुळे कधीकधी उत्तर आधी यायचं आणि प्रश्न मागाहून, म्हणून समोरच्याचं वाक्य बाणाची खूण लावून वर परत लिहायची पद्धत पडली, नाहीतर वाचणाऱ्याला पत्ता लागेना की हा नेमका कुणाला झापतोय. आपल्याकडे रात्री अकरानंतर पाव रेटनं एसटीडी लागायचा, पालकांना ते पक्कं आठवत असेल. १९८४ मध्ये सुरू झालेलं फिडोनेट, म्हणजे सीबीबीएससारखे बोर्ड एकमेकांना जोडणारं जाळं, तेही असंच रात्रीच्या स्वस्त कॉलवर चालायचं. हे पालकांनाच सांगायला लावा, पोरांचा लगेच विश्वास बसतो.

फ्लॉप्या मात्र पावसाळ्यात उघड्यावर नकोत, खाडीकाठच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते आणि तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्हचं हेडपण खराब.

प्रश्न: नव्वदच्या दशकात परदेशात असताना मराठी न्यूजग्रुपवरच्या (म्हणजे यूझनेटवरच्या मराठी गटातल्या) चर्चांचे प्रिंटआउट काढून ठेवले होते, दोन फायली आहेत. म्युझियमला दिले तर चालतील का?
– एक निवृत्त इंजिनियर, नौपाडा, ठाणे

उत्तर: काका, चालतील काय, उडी मारतील! मराठी रोमन अक्षरात टाइप करून घातलेले ते वाद आता सहज बघायला मिळत नाहीत. पण प्रत्येक पानावर वर नाव, ईमेल, कधी ऑफिसचा पत्तासुद्धा असतो, आणि पंचविशीत तावातावानं लिहिलेलं काचेच्या पेटीत लागलेलं आज कुणाला आवडेल? लिहिणारा सापडला तर विचारून घ्या, नाही सापडला तर म्युझियमला स्पष्ट सांगा की भिंतीवर नाव झाकलेली कॉपीच लावा आणि मूळ कागद कपाटात ठेवा. पिनांना गंज चढला असेल, तेवढ्या काढून मग द्या.

प्रश्न: मोडेम एवढा किंचाळायचा का?
– सातवीतली एक वाचक, वाशी

उत्तर: दोन मोडेम एकमेकांना आवाजातच विचारत असायचे की बाबा तुला कुठला स्पीड जमतो, लाइन कितपत साफ आहे. स्पीकर ठेवला होता तो तुझ्यासारख्या माणसासाठी, म्हणजे नंबर एंगेज आहे की चुकून कुणा आजोबांनी फोन उचललाय ते ऐकून कळावं. एकदा जुळलं की तो आपोआप गप्प बसायचा आणि ज्यांना रात्री घरच्यांची बोलणी खायची नसायची ते एक छोटी कमांड देऊन तो आधीच बंद करून ठेवायचे.