नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात पहिल्यांदाच जाताय?

पक्षी बघायला मित्र पाहुणा येतोय म्हणून गंगापूर धरण, बोरगड, नांदूर मधमेश्वर असं सगळं एकाच दिवसात कोंबू नका. नवख्यांचं तिथंच फसतं. फक्त नांदूर मधमेश्वर धरा, तेही डिसेंबर-जानेवारीत, आणि उजाडता उजाडता तिथल्या पाण्याकाठच्या चापडगावला पोचा. ऊन चढलं की पाण्यावर झळा येतात, दुर्बिणीत सगळंच थरथरतं.

दुर्बीण ८ बाय ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. कॅमेऱ्याच्या नादी आत्ताच लागू नका. सुरुवातीला तीनच पक्षी नीट बघा:

- वारकरी: काळं अंग, पांढरं कपाळ
- जांभळी पाणकोंबडी
- चमचा: चपटी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत चालतो, मित्राला दाखवाच

भडक शर्ट नको. फोटोसाठी थवा उडवायला टाळ्या तर अजिबात नकोत! बदकांच्या माद्या ओळखणं पुढच्या हिवाळ्यात बघू.