वसंत सबनीसांवर एक संध्याकाळ करायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंडा तालुक्यातल्या तुमच्या हौशी मंडळाला यंदा देवळाच्या उत्सवात नेहमीच्या नाटकाऐवजी एका विनोदी नाटककाराचा गौरव करायचा आहे. त्याचं काम रंगभूमी आणि चित्रपट या दोन्हींत असावं. कोणाला निवडावं आणि दोन-अडीच तासांत काय दाखवावं?

मी वसंत सबनीस सुचवेन. आचार्य अत्रे आणि पु. ल. ही नावं आधी आठवणार हे ठाऊक आहे, पण त्यांच्यावर कार्यक्रम होतच असतात. सबनीसांचं लिखाण घराघरांत पोचलं आणि नाव मात्र मागे राहिलं. तुमच्या वाड्यावरच्या कोणाही पोराला ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ असं विचारा, तो पुढचा अख्खा प्रसंग म्हणून दाखवील. हे लिहिलं कोणी असं विचारलंत तर गप्प बसेल. ‘अशी ही बनवाबनवी’चे (१९८८) संवाद सबनीसांचे, आणि दादा कोंडक्यांना घराघरांत नेणारा ‘सोंगाड्या’ (१९७१) सबनीसांनीच लिहिलेला.

चरित्र पाच मिनिटांत आटपा. जन्म १९२३चा, सोलापूरचा. सरकारी प्रसिद्धी खात्यात नोकरी, विनोदी कथांची पुस्तकं, नाटकं, मग सिनेमा; २००२ मध्ये निधन. निवेदकाने एवढं सांगितलं तरी पुरे. वेळ ठेवायचा तो ‘विच्छा माझी पुरी करा’साठी.

१९६५ साली रंगभूमीवर आलेलं हे लोकनाट्य. आधी ‘छपरी पलंगाचा वग’ म्हणून ओळखला जाणारा तो वग. गोष्ट एवढीशी आहे. राज्याचा कोतवाल मरतो. इमानाने नोकरी केलेल्या हवालदाराला वाटतं, आता आपली बढती. प्रधान मात्र आपल्या मेव्हण्याला कोतवाल करतो. मग हवालदार आपल्या प्रेयसीला, मैनेला, पुढे करतो. नवा कोतवाल तिच्यावर लट्टू होतो आणि ती हट्ट धरते की मला राजाचा छपरी पलंग हवा. चोर पकडायला नेमलेला माणूस स्वतःच राजवाड्यात चोरी करायला निघतो. एकेक पायरी अशी रचली आहे की कोतवालाला मागे फिरायला वाटच राहत नाही.

बरेच जण म्हणतात, ‘विच्छा’ म्हणजे दादा कोंडकेच. दादा दर प्रयोगाला नवं काहीतरी घालायचे, त्या दिवशीच्या पेपरातली बातमी संध्याकाळी रंगमंचावर यायची, हे खरंच आहे. याच नाटकातलं काम पाहून आशा भोसल्यांनी त्यांचं नाव भालजी पेंढारकरांना सुचवलं आणि ‘तांबडी माती’तून (१९६९) दादा सिनेमात आले. पण त्यावरून लेखकाचं काम कमी होतं, असं मला अजिबात वाटत नाही. नटाने दहा मिनिटं बाहेर फिरून यावं आणि परतल्यावर गोष्ट जिथल्या तिथे सापडावी, इतका भक्कम सांगाडा कोणीतरी आधी उभा केलेला होता. कुठे मोकळी जागा सोडायची हे ठरवणं मला ओळी लिहिण्यापेक्षाही कठीण वाटतं. सबनीसांना ती जागा बरोबर कळायची.

आपल्या गोव्यातल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही, म्हणूनही मी हे नाव सुचवतोय. दशावतारी काल्यात लिहिलेली संहिता नसते. काळ्या वेषातला संकासूर लाल जीभ लोंबवत येतो, सूत्रधाराशी हुज्जत घालतो, आणि गावात त्या आठवड्यात काय घडलं ते त्याच्या तोंडून निघतं. तियात्र या कोंकणी नाटकात पडद्यांच्या मधल्या कातारांत, म्हणजे गाण्यांत, तर सरपंचापासून दिल्लीच्या मंत्र्यापर्यंत कोणी सुटत नाही. घरी कोंकणी बोलणारे आणि रंगमंचावर मराठी बोलणारे आपण लोक, बतावणी, म्हणजे तमाशातली विनोदी संवादांची जुगलबंदी, पुस्तकात वाचून शिकलेलो नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. ‘विच्छा’तली हवालदाराची एक बतावणी निवडा आणि ती दोनदा करा. पहिल्यांदा छापील पुस्तकात आहे तशी, कानामात्रेचा फरक न करता. लगेच दुसऱ्यांदा, त्याच दोन नटांनी, तुमच्या गावचे विषय घालून: खाणीचे ट्रक, कॅसिनो, बाजारातले मासळीचे भाव, जे सुचेल ते. लेखकाने किती बांधलं आणि नटाने किती भरलं हे प्रेक्षकाला डोळ्यांसमोर दिसेल. मी हा प्रयोग तालमीत करून पाहिला आहे. दुसऱ्या खेपेला हंशा जास्त येतो, पण नट भरकटला की त्याला परत आणतं ते सबनीसांचंच वाक्य. तुमच्या नटांना विचारा, तेही हेच सांगतील.

सिनेमासाठी वेगळी गोष्ट दाखवावी लागेल. तिथे कॅमेऱ्यासमोर मोकळी जागा नसते, एकदा बोललेलं वाक्य कायमचं तेच राहतं. ‘बनवाबनवी’चं बीज १९६६च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटातलं आहे, हे लपवू नका, उघड सांगा. जागेसाठी दोघा मित्रांनी बायकांची सोंगं घ्यायची ही कल्पना तिथून आली. पण पुण्यातली भाड्याची खोली, घरमालकिणीचा दरारा, खोटं लपवायला दुसरं खोटं बोलताना उडणारी त्रेधा, ही सगळी भाषा इथली आहे. पडद्यावर क्लिप दाखवण्यापेक्षा एक प्रसंग नुसता चौघांनी उभं राहून वाचावा. ओळखीचे चेहरे समोर नसले की शब्द ऐकू येतात. आणखी एक गंमत आहे. आपल्या दशावतारात बाईची भूमिका आजही पुरुषच करतो आणि ती इतकी देखणी, इतकी गंभीर करतो की बायका डोळे पुसतात. इथे तेच सोंग हसवण्यासाठी आहे. तुमच्या गावात स्त्रीपार्ट करणारे कोणी जुने नट असतील तर ‘बनवाबनवी’तल्या पार्वतीच्या ओळी त्यांनाच द्या.

‘सौजन्याची ऐशी तैशी’, ‘कार्टी श्रीदेवी’, ‘गेला माधव कुणीकडे’ या नाटकांची नावं निवेदनात यावीत, एखाद्याचा पाच मिनिटांचा तुकडाही चालेल. सगळं बसवायला जाऊ नका.

आता एक प्रसंग सांगतो, कारण हे नाव सुचण्यामागे तोही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने उत्सवात ‘सौजन्याची ऐशी तैशी’ बसवलं. पत्रिकेत देणगीदारांची मोठी यादी होती. दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, कानात घालायच्या माइकवाल्याचंसुद्धा नाव होतं, आणि लेखकाचं राहून गेलं. मजकूर मी लिहिला होता. आमचे प्रॉम्प्टर काका तेव्हा सत्तरी ओलांडलेले. दुसरी घंटा झाल्यावर विंगेत त्यांच्या हातात ती पत्रिका पडली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली, मला हाक मारली आणि म्हणाले, “बाबा, सबनीस खंय?” मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, “नाव घेतल्याशिवाय तिसरी घंटा वाजची ना.” मी पडद्यापुढे गेलो, माफी मागितली आणि नाव घेतलं. टाळ्या आल्या. मागे वळलो तर काका आपल्या जागेवर बसून वहीचं पहिलं पान उघडत होते.

ती वही आता माझ्याकडे आहे. दोनशे पानी, हाताने उतरवलेलं पूर्ण नाटक. काही वाक्यांपुढे तांबड्या पेन्सिलीने छोटा गोल काढलेला आहे आणि बाजूला बारीक अक्षरात “थांब”. इथे लोक हसणार, पुढचा शब्द लगेच पुरवायचा नाही, अशी ती खूण. मी एकदा बसून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक गोल वाक्याच्या शेवटच्या शब्दापाशी आहे. हसवणारा शब्द सबनीस शेवटपर्यंत राखून ठेवतात, हे मला त्या पेन्सिलीच्या खुणांवरून कळलं, नाटक चारदा करूनही कळलं नव्हतं. वाचन बसवताना नटांना हे जरूर सांगा. शेवटचा शब्द गिळला की वाक्य मेलं.

हक्कांबद्दल एक. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे सबनीसांचा २०६२ अखेरपर्यंत. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला किंवा देवस्थानासाठी केलेला प्रयोग कायद्याने भंग ठरत नाही, आणि आपली उत्सवातली नाटकं बहुधा त्यात बसतात. तरीही वारसांना किंवा प्रकाशकांना पत्र पाठवा, परवानगी मागा आणि जमेल ते मानधन द्या. गौरव ज्याचा करायचा त्याच्या घरी निदान कळलं पाहिजे.

शाल-श्रीफळ, पाहुण्यांची भाषणं हे सगळं नाटकाच्या आधी पंधरा मिनिटांत उरका. आरतीनंतर लोक बसलेले असतात तोवरच. पत्रिकेवर सबनीसांचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात छापा, देवाच्या नावाच्या लगेच खाली.

तालीम सुरू झाली की इथेच कळवा. मी मडगावला असतो, वही घेऊन येईन.