जहाजाच्या यादीआधी जन्मदाखला

प्रश्न : माझे जावई मॉरिशसमधल्या मराठी घराण्यातले आहेत. त्यांचा मूळ पुरुष मुंबईहून जहाजाने तिकडे गेला, त्याचे नाव सखाराम होते आणि गाव रत्नागिरीकडचे होते, एवढेच त्यांच्या घरात सांगितले जाते. जहाजांच्या याद्यांत त्याचा शोध कसा घ्यावा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : शोधाचा आरंभ जहाजापासून करू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. १८३४ साली ‘अ‍ॅटलास’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात नेले, आणि तेव्हापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय करारबद्ध मजूर म्हणून त्या बेटावर उतरले. त्यांत सखाराम नावाचे किती असतील, याचा विचार केला तरी केवळ नावावरून शोध का फसतो हे ध्यानात येईल. शिवाय नोंद करणाऱ्याने कानावर पडले तसे रोमन अक्षरांत उतरवलेले असते, त्यामुळे एकच नाव दोन कागदांवर दोन प्रकारे लिहिलेले आढळते. आडनाव तर बहुधा नसतेच. मजुराचे नाव आणि वडिलांचे नाव एवढ्यावरच काम भागवले जाई. पुढे त्यांतलेच एखादे नाव मॉरिशसमध्ये कुटुंबाचे आडनाव होऊन बसले, म्हणून जावयांच्या आजच्या आडनावावरून कोकणातले घराणे ठरवायला जाऊ नये.

खरी किल्ली आहे ती आप्रवासी क्रमांकाची. बंदरावर उतरलेल्या मजुराला सरकारी क्रमांक मिळे आणि पुढच्या कागदपत्रांत तोच त्याची ओळख म्हणून वापरला जाई. स्त्रियांनाही स्वतंत्र क्रमांक असत, त्यामुळे मूळ पुरुषाचा माग लागला नाही तरी त्याच्या पत्नीचा लागू शकतो. ही वाट पुष्कळांना सुचत नाही. हा क्रमांक मिळवण्यासाठी जावयांनी स्वतःच्या जन्मदाखल्यापासून वडील, आजोबा, पणजोबा असे एकेक पिढी मागे जात तेथील नागरी नोंदणी कार्यालयातून जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले काढावेत. भारतातून आलेल्या पिढीच्या विवाहाच्या किंवा अपत्यजन्माच्या नोंदीत आप्रवासी क्रमांक पुष्कळदा लिहिलेला असतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण एक पिढी गाळली की भलताच सखाराम आपला म्हणून गळ्यात पडतो.

क्रमांक हाती आला की मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेकडे अर्ज करावा. आप्रवासी नोंदवह्या तेथे जपलेल्या असून वंशजांना त्यांतला शोध करून दिला जातो. नोंदीत सामान्यतः जहाज, आगमनाची तारीख, वडिलांचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जिल्हा आणि गाव ही माहिती मिळते. मजुरांची छायाचित्रे घेण्याची पद्धत १८६० च्या दशकात सुरू झाली, त्यामुळे सखाराम त्याआधी गेला असेल तर छायाचित्राची आशा फार धरू नये. त्याच जहाजाने आलेल्यांच्या नोंदीही अवश्य पाहाव्यात, कारण एका गावचे किंवा नात्यातले लोक बरोबर निघाल्याची उदाहरणे आहेत, आणि ज्या गावाचे नाव एका नोंदीत वाचता येत नाही ते शेजारच्या नोंदीत स्पष्ट असू शकते.

गावाचे नाव मिळाल्यावर आपल्या बाजूचे काम सुरू होते. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा मालवण, देवगडसारखा भाग येत असे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. सावंतवाडी मात्र तेव्हा संस्थान होते. म्हणून ‘रत्नागिरी’ एवढ्या शब्दावरून चिपळूण किंवा राजापूर असा निष्कर्ष काढू नये. गावात मागे राहिलेल्या भावबंदांचा माग काढायचा तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी आणि जमिनीची जुनी कागदपत्रे पाहावीत. त्यांतली बरीचशी मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठावा. जावयांच्या घरी कुलदैवताचे नाव टिकून असेल तर तेही विचारून घ्यावे. एकाच नावाची दोन गावे समोर आली, तर कोणते निवडायचे हे ठरवताना त्याचा उपयोग होईल.