मानसशास्त्राच्या मूलभूत संकल्पना खरंच समजल्यात का, हे स्वतःचं स्वतः कसं तपासावं?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहात, व्याख्या तोंडपाठ आहेत, तरी बहुपर्यायी प्रश्नात दोन पर्यायांपाशी अडायला होतं. मी इथेच पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे ही अडचण दरवर्षी बघते. व्याख्या म्हणून दाखवता येणं हा पुरावा धरूच नका. कधी न वाचलेलं उदाहरण समोर आल्यावर ते कोणत्या संकल्पनेत बसतं आणि तिच्या शेजारच्या संकल्पनेत का बसत नाही, हे सांगता यायला हवं.

अध्ययनाचं प्रकरण घ्या. उखळात शेंगदाणे-लसूण कुटल्याचा आवाज आला की तोंडाला पाणी सुटतं. नळातून हवेचा फस्सकन आवाज आला की आपण उठून घागर लावतो. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात हे वेगळं सांगायला नको. दोन्हीकडे आवाज आहे, म्हणून बरीच मुलं दोन्हींना रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हचं अभिजात अभिसंधान (एखाद्या गोष्टीशी वारंवार जोडल्या गेलेल्या खुणेला आपोआप प्रतिसाद येणं) म्हणून मोकळी होतात. पहिलं तसं आहेच. लाळ आपोआप सुटते. चटणीची चव हा अनभिसंधित उद्दीपक, म्हणजे न शिकताही लाळ आणणारा; कुटण्याचा आवाज अभिसंधित, म्हणजे चवीशी जोडला गेल्याने लाळ आणणारा. पण उठून घागर लावणं ही आपण होऊन केलेली क्रिया आहे आणि पाणी मिळतं म्हणूनच ती टिकते. हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनरचं साधक अभिसंधान, म्हणजे परिणामामुळे वर्तन वाढणं किंवा घटणं. नळाचा आवाज फक्त एवढंच कळवतो की आत्ता उठलात तर पाणी मिळेल.

दुसरी मोठी गल्लत ऋण प्रबलन आणि शिक्षा यांची. एप्रिलच्या उन्हात डोक्याला ओला पंचा गुंडाळला, चटका कमी झाला, दुसऱ्या दिवसापासून रोज गुंडाळायला लागलात. त्रास गेला, वर्तन वाढलं: ऋण प्रबलन. सात रस्त्याला सिग्नल तोडला, दंड बसला, पुन्हा तोडला नाही: शिक्षा. आधी वर्तन वाढलं की घटलं ते बघा, काय मिळालं आणि काय गेलं ते नंतर.

तपासणी पुस्तक मिटूनच करा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचताना सगळं येतंय असं वाटतं ना, त्या वाटण्यावर म्हणूनच मी अजिबात विसंबू देत नाही.

रोज एक प्रश्न स्वतः तयार करा. बरोबर उत्तर लिहिणं सोपं असतं, कस लागतो तो चुकीच्या तीन पर्यायांत. ते शेजारच्या संकल्पनांमधूनच निवडायचे आणि प्रत्येकापुढे तो का चुकीचा आहे ते एका ओळीत लिहायचं. ती ओळ लिहिताना पेन थांबलं की तेवढाच भाग पुस्तकात उघडून वाचा. मग वही मैत्रिणीला द्या. तिने तुमचा चुकीचा पर्याय बरोबर म्हणून निवडला तर लगेच खोडू नका, तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या. कित्येकदा उदाहरणच अर्धवट लिहिलेलं असतं, वर्तन पुढे वाढलं की नाही हेच त्यात नसतं.