मार्चमधला ओरेगॉनचा किनारा: जावं की थांबावं?

प्रश्न: मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं मुलाकडे पोर्टलंडला असू. चार दिवस गाडीने ओरेगॉनचा समुद्रकिनारा बघायचा बेत आहे, थेट कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंत. मुलगा म्हणतो, तेव्हा नुसता पाऊस, जुलैत या. काय करावं? – एक वाचक

उत्तर: जा. चिरंजीव खोटं बोलत नाहीत, पाऊस असणारच. पण मधूनमधून उघडीप मिळते आणि ती साधता आली पाहिजे. मला खटकलं ते ‘थेट सीमेपर्यंत’. किनाऱ्यालगतचा 101 क्रमांकाचा महामार्ग ओरेगॉनमध्ये सुमारे 584 किलोमीटरचा आहे, त्यात वळणं आणि गावं. एवढं अंतर कापायच्या नादात ऊन पडेल तेव्हा तुम्ही गाडीत असाल आणि उतराल तेव्हा सर येईल. शिवाय दक्षिणेकडे दरडींचा त्रास आहे; फेब्रुवारी 2019 मध्ये ब्रुकिंग्जच्या उत्तरेला हा रस्ताच खचला होता. साधारण अर्ध्या वाटेवरच्या फ्लॉरेन्स गावापर्यंतच जा आणि तिथून यूजीन शहरामार्गे पोर्टलंडला परता.

सुरुवात मात्र उत्तरेकडच्या कॅनन बीच गावापासून करा. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो आणि कुठेही थांबायला समोरची रांग ओलांडावी लागत नाही. ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवा, म्हणजे तिथल्या हेस्टॅक रॉक या 72 मीटर उंचीच्या खडकाच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येईल. (1967 च्या कायद्याने ओरेगॉनच्या किनाऱ्यावरची सगळी वाळू लोकांना खुली आहे. मला हा कायदा त्या खडकाइतकाच प्रेक्षणीय वाटतो.)

एक पूर्ण सकाळ डेपो बे या गावाला द्या. मेक्सिकोहून अलास्काकडे निघालेले करडे देवमासे मार्चअखेरीस इथून जातात. आधी दुर्बीण लावू नका. नुसत्या डोळ्यांनी पाण्यावर उडणारा फवारा शोधा, मग दुर्बीण. आभाळ भरलेलं पण वारा पडलेला असेल तर उत्तमच, पाणी चमकत नाही.

न्यूपोर्टचा 1936 चा याक्विना बे पूल गाडीतून मिनिटभरात संपतो. त्याच्या कमानी बघायच्या तर खाली उतरा. केप पर्पेचुआ या भूशिराच्या माथ्याजवळ गाडी जाते, गुडघे दुखत असले तरी चुकवू नका. वाटेतल्या पाणथळ जागी स्कंक कॅबेज ही दुर्गंधी रानवनस्पती पिवळीधमक फुललेली दिसेल. वास घ्यायला वाकू नका!

एक मात्र कटाक्षाने पाळा: समुद्राकडे पाठ करून फोटो नाही आणि वाळूवरच्या ओंडक्यांवर बसणं नाही. मध्येच एखादी लाट फार आत येते आणि तो ओंडकाच माणसावर लोटते.

छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही. टोपीचं जाकीट आणि पावसाळी पँट घ्या. जाता-येता कोस्ट रेंजचे डोंगर ओलांडावे लागतात आणि मार्चमध्ये तिथे बर्फ पडू शकतो, तेव्हा निघण्याआधी राज्याच्या ‘ट्रिपचेक’ या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघा.