सोफ्यावर कोलांट्या मारणाऱ्या पोरीला क्लास लावताना

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी ७ वर्षांची आहे, दिवसभर सोफ्यावर कोलांट्या मारते, तळपाय सपाट आहेत, सासूबाई म्हणतात जिम्नॅस्टिक्सने उंची खुंटते, आणि साताऱ्यातल्या एका क्लासवाल्यांनी सांगितलंय रोज तीन तास पाठवा, दोन वर्षांत स्टेटला नेतो. मी लहानपणी तालमीत मल्लखांब केलाय, नंतर बरीच वर्षं संध्याकाळी पोरांच्या बॅचला मदतीला उभा राहिलोय, तेवढ्या जोरावर सांगतो.

आधी तो "स्टेटला नेतो" विषय सोडून द्या. पोरीने अजून हातांवर उलटं उभं राहायचा एक हँडस्टँड नीट मारला नाही आणि हे सर्टिफिकेटच्या गोष्टी करतायत. तिला मजा येतीये म्हणून ती उलटी होते, ती मजा टिकली तर पुढचं पुढं बघता येईल. या वयात आठवड्यातून दोन-तीन दिवस, एकेक तास पुष्कळ झाला.

उंचीचं म्हणाल तर सासूबाईंना समजावून सांगा की मोठ्या स्पर्धेतल्या मुली बुटक्या दिसतात कारण छोट्या चणीच्या अंगाला हवेत गिरकी घ्यायला सोपं जातं, म्हणून त्याच या खेळात टिकतात, उंच पोरी दुसरीकडे जातात. बास्केटबॉल खेळून कोणी उंच होत नाही तसंच हे उलट. रोज पाच-सहा तास सराव आणि वर खाण्यावर कात्री असेल तर वेगळी गोष्ट, पण हौसेने करणाऱ्या पोरीचा आणि त्याचा काय संबंध. सपाट पायांचं म्हणाल तर आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचे पण तळपाय सपाट होते, तिने सहाव्या वर्षी सुरुवात केली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीत, चौथी आली, ब्राँझ हुकलं ते फक्त ०.१५० गुणांनी. पाय दुखत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा, नुसते सपाट आहेत म्हणून घरात बसवू नका.

आता क्लास कसा निवडायचा. पैसे भरायच्या आधी एक पूर्ण तास बाकड्यावर बसून बघा. बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. गाद्या नव्या आहेत का, भिंतीवर ट्रॉफ्या किती, हे सगळे बघतात, तुम्ही घड्याळ बघा. मी एकदा पुतण्याच्या क्लासला असाच बसलो, पंचवीस पोरं आणि गादी एक, तासाभरात आमचं पोरगं अकरा वेळा गादीवर गेलं, एक फेरी दहा-बारा सेकंदांची, म्हणजे जेमतेम दोन मिनिटं व्यायाम आणि बाकी वेळ पुढच्या मुलीची वेणी ओढणं. चांगला सर रांग लागूच देत नाही, चार कोपऱ्यात चार कामं लावतो, एकीकडे बेडूकउड्या, एकीकडे दांडीला लोंबकळणं, एकीकडे जमिनीवर आखलेल्या पट्टीवरून तोल सांभाळत चालणं. जिच्यावर तोल सांभाळत कसरती करतात ती खरी बीम फक्त १० सेंमी रुंद असते आणि सव्वा मीटर उंच, पण पोरांना ती आधी खडूने फरशीवरच आखून द्यायची.

दुसरी गोष्ट, पडायला शिकवतात का बघा. उडी मारून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता मांजरासारखं उतरायचं, मागं तोल गेला तर हात मागं टेकायचे नाहीत, हनुवटी छातीला लावून पाठीवर गोल व्हायचं. मनगट आणि कोपर मोडतं ते बहुतेक वेळा पडताना हात ताठ टेकल्यानेच. ज्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात हे नाही आणि थेट बॅक फ्लिपचे व्हिडिओ काढायला घेतात तिथं पाठवू नका. आणि पोरीला फाकवून वरनं कोणी मांड्या दाबत असेल, ती रडतीये आणि सर म्हणतायत "थोडं दुखणारच", तर उठा आणि तिला घेऊन घरी या. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

जिम्नॅस्टिक्सचा बरा क्लास नाहीच मिळाला तर मल्लखांब बघा, खरंच सांगतो. दोरीच्या मल्लखांबाने हातात पकड आणि पोटात जी ताकद येते ती नुसत्या गादीवर येत नाही. सुरुवातीला पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी काचते, पोरं कुरकुरतात, पण साधी अढी, म्हणजे पायांनी दोरीची पकड, घालून हात सोडता आले की मग खाली उतरायला तयार नसतात.

क्लास लावला म्हणजे झालं असं पण नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल पाहिजे. क्लासचे दोन तास सोडून बाकीचे दिवस लंगडी, सायकल, रविवारी अजिंक्यतारा किल्ला, वर जमलं नाही तर निदान उतारावरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस सोडत नाही, तेव्हाच पोरं मोबाईलला चिकटतात, त्या दिवसांत घरात अस्वलचाल (हात-पाय टेकून, कंबर वर), खेकडाचाल (पोट वर करून हात-पायांवर), भिंतीला पाय लावून हातांवर चालणं, असली शर्यत लावा आणि तुम्ही पण उतरा, आईचा खेकडा बघायला पोरगी फोन सोडते.

घरी पलंगावर मात्र उड्या नकोत, मऊ गादीत घोटा मुरगळतो. जमिनीवर सतरंजी आणि वर एक पातळ गादी एवढं बास. अनवाणी, केस घट्ट बांधून, गळ्यातली चेन आणि पैंजण काढून, जेवल्यावर निदान दीड-दोन तासांनी. आणि क्लास मिळेपर्यंत सोफ्यासमोर काचेचा टीपॉय असेल तर तो आजच बाहेरच्या खोलीत हलवा, आमचा फुटलाय.